घरातली बटनं, दिवे आणि छताची वायरिंग: मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, बीड, हिंगोलीकडच्या घरांत दिव्यांच्या तक्रारी निघतात, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ दोनच ठिकाणी सापडतं. कुठेतरी स्क्रू ढिला पडलेला असतो, नाहीतर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटलेला असतो. लोक मात्र बल्बवर बल्ब बदलत राहतात. पैसे जातात, दोष आहे तिथेच राहतो आणि ढिल्या जॉइंटची ऊब वाढत जाते. दोष क्रमाने कसा शोधायचा, घरच्या माणसाने कुठवर जायचं आणि कुठे थांबून वायरमनला हाक मारायची, ते खालच्या उत्तरांत आहे.

हात घालण्याआधी काय काय बंद करायचं? बटन बंद असलं की पुरत नाही का?

नाही पुरत. बटन बंद केलं की फक्त दिव्याकडे जाणारी वायर सुटते. बोर्डात आलेला फेज (करंट आणणारी वायर) बटनाच्या दुसऱ्या टोकावर तसाच उभा असतो. काही घरांत तर बटन फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं असतं. तिथे बटन बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो. म्हणून त्या खोलीचा एमसीबी (भार वाढला किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा खटका) पाडा. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे नक्की ठाऊक नसेल तर सरळ मेन बंद करा. जुन्या घरात किटकॅट (चिनी मातीचे, उपसून काढायचे) फ्यूज असतील तर आधी मेन स्विच पाडा, मग किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी तो परत बसवणार नाही.

आता इन्व्हर्टर. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि सगळ्यात घातक आहे. मेन पाडला की लाईट गेली असं समजून इन्व्हर्टर क्षणात बॅटरीवर येतो आणि दिव्या-पंख्यांच्या वायरीत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. आपल्याकडे इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखेच घेतलेले असतात, म्हणजे ज्या पॉइंटला आपण हात घालणार नेमका तोच. इन्व्हर्टर त्याच्या बटनाने बंद करा, त्याची पिन सॉकेटमधून उपसा, आणि मगच पुढचं बघा. छतावर बॅटरीवालं हायब्रिड सोलर बसवलं असेल तर त्यातून घराकडे निघणाऱ्या लाईनचाही एमसीबी पाडा.

‘लाईट गेलीय तोवर उरकून घेतो’ असं कधीच करू नका. लाईट कुठल्याही क्षणी येते आणि तेव्हा तुमचे हात वायरीवर असतात.

टेस्टर वापरायच्या आधी तो चालू सॉकेटवर पेटतो का हे पाहून घ्या. आतला दिवा गेलेला टेस्टर ‘करंट नाही’ असंच सांगतो. भर उन्हात अंगणात त्याचा उजेड दिसत नाही, तिथे हाताने सावली करून बघा. शिडी लाकडाची घ्या, लोखंडी नको. पायात कोरडी रबरी चप्पल आणि खाली कोरडी फरशी हवी.

एकच दिवा लागत नाही, बाकी घर चालू आहे. सुरुवात कुठून करू?

बल्बपासूनच करा, पण नीट. तो बल्ब दुसऱ्या चालू होल्डरमध्ये लावून बघा. तिथे लागला तर बल्ब चांगला आहे, नवा आणायला जाऊ नका.

मग होल्डर. एमसीबी आणि इन्व्हर्टर बंद करून आत बॅटरीचा उजेड टाका. आपल्याकडच्या खटक्याच्या होल्डरमध्ये दोन पितळी पिना असतात, खाली स्प्रिंग. बोटाने नव्हे, लाकडी काडीने पिन दाबून बघा. दाबली की ती टणकन वर यायला हवी. खाली बसून राहिली तर बल्बला टेकतच नाही. पिनेच्या टोकावर काळा खड्डा पडला असेल किंवा होल्डरचा प्लास्टिक भाग तपकिरी होऊन हाताला भुगा लागत असेल, तर होल्डर बदला. घासून पुन्हा वापरायची वस्तू नाही ती.

होल्डर ठीक असेल तर बटन, आणि सगळ्यात शेवटी छताचा सीलिंग रोझ, म्हणजे दिव्याची वायर जिथून लटकते ती गोल डबी. रोझचं झाकण फिरवून काढलं की आत वायर स्क्रूने आवळायच्या दोन किंवा तीन पट्ट्या दिसतात. लटकत्या वायरीचा भार स्क्रूवर येऊन वायर तिथूनच सुटते. झाकणाच्या आत वायरीला गाठ किंवा अडकवण असायला हवी, म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. ही गाठ मारायचा कंटाळा केलेली घरं भरपूर आहेत.

टेस्टर पेटतो, म्हणजे करंट आहे. मग दिवा का लागत नाही?

कारण टेस्टर फक्त फेज दाखवतो, दिव्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. टेस्टर पेटतोय, दिवा लागत नाही, बटनही ठीक आहे, म्हणजे न्यूट्रल तुटल्याचा संशय सगळ्यात आधी घ्यायचा.

याची खूण ओळखायला शिकलात तर निम्मी डोकेदुखी वाचेल. त्या खोलीच्या सॉकेटचं बटन चालू ठेवून, वरचं मोठं भोक सोडून खालच्या शेजारशेजारच्या दोन छोट्या भोकांत टेस्टर घाला. दोन्हीकडे टेस्टर पेटला तर न्यूट्रल पाठीमागे कुठेतरी सुटलेला आहे. खोलीत चालू राहिलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज पलीकडे उतरतो आणि तुटलेल्या न्यूट्रलवर येऊन उभा राहतो. वायरमन याला ‘न्यूट्रल रिटर्न मारतोय’ असं म्हणतात. आता त्या सॉकेटचं बटन सोडून खोलीतली बाकी सगळी बटनं बंद करून, सगळ्या पिना काढून पुन्हा बघा. एका भोकातला उजेड गेला, की निदान पक्कं.

अशा वेळी काळ्या वायरीला न्यूट्रल समजून हात लावू नका. रंग काळा असला तरी तिच्यावर फेज आलेला असतो.

सुटलेला जॉइंट बहुतेक वेळा बोर्डाच्या आतल्या न्यूट्रलच्या गुच्छात सापडतो. चार-पाच वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली असते, उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा जातो, पीळ सैल होतो. तिथे पुन्हा टेप गुंडाळण्यापेक्षा स्क्रूचा कनेक्टर घालून घ्या.

बोर्डावरची पहिली दोन बटनं चालतात, पुढची सगळी बंद. असं कसं होतं?

बोर्ड उघडून पाहिला की लगेच कळतं. बोर्डात फेजची एकच वायर येते. ती पहिल्या बटनाच्या पट्टीत जाते, तिथून आखूड तुकडा दुसऱ्या बटनात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा फेज पुढे पुढे दिलेला असतो. याला लूप म्हणतात. मधला एक तुकडा सुटला की त्याच्यापुढची सगळी बटनं मेली. म्हणून दोष शेवटच्या चालू बटनात आणि पहिल्या बंद बटनात शोधा, बाकी बोर्ड उसवत बसू नका.

एमसीबी आणि इन्व्हर्टर बंद करून त्या दोन बटनांचे स्क्रू बघा. ढिल्या पट्टीजवळची तांब्याची तार लालसर चमकत नाही, ती काळपट जांभळी झालेली असते. वायरीचं प्लास्टिक टोकाशी कडक होऊन मागे सरकलेलं असतं, वाकवलं की तडकतं. ते काळं टोक कापून टाका, नवं टोक सोला, सगळ्या तारा एकत्र पिळा आणि दुमडून पट्टीत घाला. स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून बघा. निघून आली तर बसलीच नव्हती. एका पट्टीत दोन वायरी असतील तर दोन्ही वेगवेगळ्या ओढून पाहायच्या. एक आवळली जाते आणि दुसरी नुसती आत उभी राहते, हा दोष फार जागी सापडतो.

बटन दाबताना चर्र असा आवाज येतो, आणि जळका वास सुटतो. वापरू का?

अजिबात नको. आधी एमसीबी पाडा, मग बाकीचं.

बटन दाबताना बारीकशी ‘टिक’ होणं आणि निमिषभर ठिणगी दिसणं वेगळं, विशेषतः पंख्याच्या बटनाला. पण दाबून झाल्यावरही चरचर चालू राहिली, किंवा प्लेट हाताला ऊन लागली, तर आतले संपर्क जळत आहेत. तापलेल्या बटनाचा वास ओळखीचा नसल्यामुळे पुष्कळांना कळत नाही. सडक्या माशासारखा किंवा नासक्या लघवीसारखा वास खोलीत येतो आणि घरातली माणसं उंदीर मेलाय म्हणून कपाटं सरकवत बसतात. असा वास आला की बोर्डाजवळ नाक नेऊन बघा.

६ अँपिअरच्या सॉकेटवर इस्त्री, गिझर, पाणी तापवायची रॉड लावणं हे याचं नेहमीचं कारण. दिव्याच्या बोर्डात त्याच लूपवरून सॉकेट घेतलेलं असतं. रॉडचा भार त्या बारीक तुकड्यावरून जातो आणि दिव्याच्या बटनाचा स्क्रू जळतो. जड वस्तूला १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याची स्वतंत्र वायर हवीच. यात तडजोड नाही.

बटन बंद केलं तरी एलईडी रात्रभर मंद जळत राहतो. बल्ब खराब आहे का?

बल्ब बहुधा चांगला आहे. एलईडीला इतका थोडा करंट पुरतो की जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात जे दिसत नव्हतं ते आता दिसतं. बटनावर बारीक लाल दिवा असेल तर बटन बंद असताना त्या लाल दिव्यातून किंचित करंट पुढे जातो. साधं बटन लावलं की प्रश्न मिटतो, आणि यात धोकाही नाही.

बटन न्यूट्रलवर असेल तर मात्र धोका आहे. मंद उजेडापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की बंद दिव्याच्या होल्डरमध्ये फेज कायम उभा आहे आणि बल्ब बदलणारा माणूस निर्धास्त आहे. वायरमनकडून तपासून फेज बटनावर घ्या.

जिन्याच्या टू-वे बटनांत (एकच दिवा दोन जागांहून लावणाऱ्या) लांबवर दोन वायरी शेजारून जातात, तिथे एका वायरीमुळे दुसरीत थोडा करंट उतरतो, त्यानेही एलईडी मिणमिणतो. आणि फक्त पावसाळ्यात असं होत असेल तर भिंतीत ओल आहे.

दिवा लुकलुकतो. वायरिंगचा दोष की बाहेरचा?

किती दिवे लुकलुकतात ते मोजा. एकच असेल तर तो बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्याचं बटन. बटनावर हलका दाब दिल्यावर उजेड हलला तर बटन. एका खोलीतले सगळे असतील तर त्या बोर्डाची येणारी वायर. सगळं घर लुकलुकतं आणि शेजाऱ्यांचं ठीक आहे, तर मेन स्विच, मीटरची पट्टी किंवा खांबावरून आलेल्या सर्व्हिस वायरचा जॉइंट. वारा सुटला की लुकलुकत असेल तर सर्व्हिस वायरच. सगळी गल्ली लुकलुकत असेल तर डीपीकडचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडचा दोष.

रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं तेव्हा, जिथे गावाचा आणि शेतीपंपांचा डीपी एकच आहे तिथे, विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब तेव्हा नुसती टोकांना लाल होऊन फडफडते, पेटत नाही. तीच जागा एलईडी पट्टीला दिली तर ती बरीच खालच्या दाबावरही चालते. यात तुमच्या वायरिंगचा दोष नाही. घरगुती पुरवठ्याचा दाब साधारण २१६ ते २४४ व्होल्टमध्ये असायला हवा. रोज त्याच्या खाली राहत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा.

पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी जोडलेला असेल तर तो फडफडणारच. तसं जोडूच नका.

काही दिवे एकदम भगभगीत झाले, काही मंद. पंप चालू केला की आणखी वाढतं. हे काय?

हे वाचत असताना असं होत असेल तर आधी उठून मेन बंद करा.

तुमच्याकडे येणारा किंवा डीपीवरचा न्यूट्रल तुटला आहे. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक फेजला २३० व्होल्ट मिळतात. तो सुटला की दोन फेजमधले सुमारे ४०० व्होल्ट घराघरांतल्या वस्तूंमध्ये वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी त्याला जास्त दाब मिळतो. म्हणून एका घरात दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या घरात टीव्ही, फ्रिज, बल्ब मिनिटाभरात जळतात. शेजाऱ्यांनाही मेन पाडायला सांगा, मग महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा. न्यूट्रल जोडून आल्यावर एकच बल्ब लावून बघा, तो सरळ जळला की बाकीचं चालू करा.

इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. गावात डीपीवर फ्यूज टाकायला किंवा तार ठोकायला कोणीतरी जाणता गडी काठी घेऊन निघतो. त्याला जाऊ देऊ नका. अकरा हजार व्होल्टच्या ताराखाली उभं राहून अंदाजाने काम करणारी कितीतरी तरुण माणसं गेली आहेत. लाईनमन येईपर्यंतची रात्र अंधारात काढलेली परवडते.

जिन्याचा दिवा खालून लागतो, वरून लागत नाही. नवी बटनं लावली तरी तेच.

बटन बदलताना वायरी इकडच्या तिकडे झाल्या आहेत. टू-वे बटनाला तीन पट्ट्या असतात. त्यांतली एक समाईक, बहुतेक बनावटीत मधली. एका बटनाच्या समाईक पट्टीत फेज येतो, दुसऱ्याच्या समाईक पट्टीतून दिव्याकडे वायर जाते आणि उरलेल्या दोन-दोन पट्ट्या दोन वायरींनी एकमेकींना जोडलेल्या असतात. समाईक पट्टीतली वायर कडेच्या पट्टीत गेली की एक बटन ठराविक बाजूला असेल तरच दुसरं चालतं. जुनं बटन काढण्याआधी मधल्या वायरीला टेपचा तुकडा लावून खूण केली असती तर हे झालं नसतं. पुढच्या वेळी करा, मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.

काही जुन्या वाड्यांत वायर वाचवायला दोन्ही बटनांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही दिलेले आढळतात. त्यात दिवा बंद असताना कधी होल्डरच्या दोन्ही पिनांवर फेज असतो. ही पद्धत दिसली तर दुरुस्त करत बसू नका, काढून टाका.

दिव्याचं बटन दाबलं की एमसीबी पडतो.

बल्ब काढून बटन दाबा. एमसीबी पडला नाही तर दोष बल्बमध्ये किंवा फिटिंगमध्ये. पडला तर बटनापासून छतापर्यंतच्या वायरीत किंवा होल्डरमध्ये शॉर्ट आहे. कोणतंही बटन न दाबता एमसीबी पडत असेल तर दोष बोर्डाच्या आधी किंवा बोर्डात. बोर्डात मेलेली पाल दोन पट्ट्यांवर आडवी पडलेली सापडते, मुंग्यांनी माती आणून वारूळ केलेलं सापडतं. मेन बंद करून साफ करा, आणि पाईपचं तोंड व प्लेटच्या फटी बुजवा, नाहीतर पुन्हा येतील.

पडलेला एमसीबी परत परत उचलू नका. आणि सतत पडतो म्हणून ६ चा काढून २० चा बसवणं, किंवा किटकॅटमध्ये वायरीच्या तारा पिळून घालणं, म्हणजे भिंतीतली वायर जळू द्यायची परवानगी देणं आहे.

पाऊस सुरू झाला की आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की पडणारा खटका) पडतो, कधी छतातल्या पंख्याच्या डब्यातून पाणी टपकतं.

स्लॅबमधल्या पाईपात पाणी शिरलं आहे. स्लॅबला तडा असला की पाणी सिमेंटातून झिरपून पाईपात उतरतं आणि पाईप जिकडे नेईल तिकडे जातं: पंख्याच्या डब्यात, सीलिंग लाईटच्या मागे, तिथून खाली बटनाच्या बोर्डातसुद्धा. त्या सर्किटचा एमसीबी पाडून ठेवा आणि दिवा काढून पाण्याला वाट द्या. खालून सिमेंट लावून डबा बुजवला तर पाणी आत तुंबतं. इलाज वर गच्चीत करायचा आहे. गच्ची दुरुस्त झाल्यावर वायरिंग वाळू द्या, आणि वायरमनकडून मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर तपासून घ्या. किमान १ मेगाओहम आला तरच चालू करा.

दोष कुठल्या खोलीत आहे ते शोधायला सगळे एमसीबी पाडून आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी उचलत जा. ज्याच्यावर पडेल ती खोली. पण कधीकधी काहीच हाती लागत नाही. एमसीबी पाडलेला असूनही त्याच खोलीमुळे आरसीसीबी पडतो. साधा एक खांबी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. त्या खोलीचा न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थिंगला टेकला असेल तर दुसरीकडच्या भाराचा करंट तिकडून निसटतो. इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधले तरी हेच होतं. इथे न्यूट्रल एकेक सोडवून बघावे लागतात. ते वायरमनचं काम.

काही झालं तरी ‘सारखा पडतो’ म्हणून आरसीसीबीला बगल देऊ नका. ३० मिलीअँपिअरचा तो खटका माणूस वाचवायलाच बसवलेला आहे.

पत्र्याच्या घरात पावसाळ्यात पत्र्याला करंट येतो. कशाने?

पत्र्याच्या धारदार कडेवरून किंवा अँगलवरून वायर नेलेली असते. वाऱ्याने पत्रा हलतो, वायरीचं प्लास्टिक कापलं जातं आणि तांबं पत्र्याला लागतं. कोरड्यात कळत नाही. पाऊस पडला, भिंत भिजली, की पत्रा, लोखंडी दार आणि पत्र्याला बांधलेली कपड्यांची तार, सगळ्यांत करंट खेळतो. ओले कपडे वाळत घालायला गेलेल्या बायका आणि त्यांना सोडवायला धावलेली घरची माणसं अशाच तारेवर गेली आहेत. आजच बघा: कपड्याची लोखंडी तार काढा, तिथे नायलॉनची दोरी बांधा. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे प्लास्टिकचा पाईप घाला, आणि घराला आरसीसीबी बसवा. एका खोलीचं घर असलं तरी बसवा.

आमचं माळवदाचं जुनं घर आहे. लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून चालते. ठेवू का?

चालते म्हणून ठेवू नका. माळवदातून पांढरी माती झिरपत राहते आणि होल्डरमध्ये, रोझमध्ये साचते. कोरडी असते तोवर ठीक, ओल आली की तिच्यावरून करंट सरकतो. तुळयांमध्ये उंदीर असतात, वायरी कुरतडतात. वर लाकूड, मधे काटक्या, आणि त्यात उघडी तांब्याची तार, हा आगीचा धोका आहे. त्या काळच्या पुष्कळ वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत. त्या स्क्रूखाली दबून सैल होतात, आणि तांब्याच्या वायरीशी नुसत्या पिळून जोडल्या की तो जॉइंट पांढरा पडून खाल्ला जातो.

दगड-मातीची जाड भिंत फोडायची गरज नाही. वरून प्लास्टिकची केसिंग पट्टी मारून नवी तांब्याची वायर ओढता येते. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत न्यायला सांगा, जुन्या वायरिंगमध्ये ती सहसा नसतेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे पुनर्वसनात बांधलेल्या सिमेंटच्या घरांनाही हे लागू आहे. ज्यांनी तेव्हापासून वायरिंग बदललेली नाही, त्यांनी आता तपासून घ्यावी.

बोर्डाच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात.

प्लेटचा स्क्रू आतल्या फेजच्या वायरीत घुसलेला असतो, किंवा लोखंडी डब्याला वायर टेकलेली असते. एमसीबी पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, मुलांना तर लांबच ठेवा. डबा अर्थिंगला जोडलेला असता तर झिणझिण्या यायच्या आधीच खटका पडला असता.

अर्थिंगची परीक्षा आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये होते. काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि तिचा जमिनीशी संपर्क तुटल्यासारखा होतो. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात निकामी असतं. खड्ड्याजवळ पाईप ठेवून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी ओता. भांडी धुतलेलं पाणीही चालतं, टंचाईत चांगलं पाणी लागत नाही.

कोणता रंग कशाचा, आणि दिव्याला किती जाड वायर?

लाल, पिवळा किंवा निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग, ही आपल्याकडची रूढ रीत. पण रंगावर विसंबू नका, शिल्लक राहिलेली वायर वापरून कोणीही काहीही जोडलेलं असतं. दिव्यांना १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर तांबं, ६ किंवा १० अँपिअरच्या एमसीबीवर. जड सॉकेटला २.५ आणि त्यापुढे. वायरीवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ छापलेलं बघून घ्या.

पीओपीतले गोल दिवे एकेक करून बंद पडतात. अख्खा दिवा बदलायचा का?

बहुधा त्याचा ड्रायव्हर गेलेला असतो, दिव्याच्या मागे वायरीला लटकलेली छोटी पांढरी डबी. सर्किट बंद करून दिवा बाजूच्या स्प्रिंगा दाबून खाली ओढा. शेजारच्या चालू दिव्याचा ड्रायव्हर त्याला लावून बघितला की कळतं. नवा घेताना डबीवरचे वॅट आणि मिलीअँपिअर जुन्याशी जुळवा. वर हात गेलाच आहे तर पीओपीत उघडे टेप गुंडाळलेले जॉइंट पडलेत का तेही बघा. ते डब्यात घ्यायला सांगा.

एलईडी बल्ब महिना-दोन महिन्यांत जातात.

एकाच होल्डरमध्ये जात असतील तर तो होल्डर ढिला आहे. बंद काचेच्या गोळ्यात किंवा तापलेल्या पत्र्याला लागून लावले असतील तर उष्णतेने जातात. मे महिन्यात पत्र्याखाली जी धग असते ती बल्बच्या आतल्या कपॅसिटरला सोसत नाही, बल्ब हातभर खाली उतरवा. घरभर जात असतील तर दाब मोजून घ्या. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की एकदम तीन-चार जात असतील, तर मेनजवळ सर्ज (दाबाची अचानक उसळी) रोखणारं यंत्र बसवता येतं, त्याला चांगलं अर्थिंग मात्र लागतं.

कोणाला शॉक लागला आणि तो चिकटून राहिला तर?

त्याला हात लावू नका. मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर बाजूला सारा. खांबावरची तार असेल तर लाकडानेही जवळ जाऊ नका, १९१२ वर कळवून पुरवठा बंद करवा. सुटल्यावर श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

वायरमनला फोनवर काय सांगू? आणि महावितरणला कधी बोलवायचं?

मीटरपर्यंतचं महावितरणचं, मीटरनंतरचं घरमालकाचं. मीटरचं सील स्वतः तोडू नका. घरातलं मोठं काम परवानाधारकाकडूनच करून घ्या.

वायरमनला ‘लाईट लागत नाही’ एवढंच सांगितलं तर तो पक्कड-टेस्टर घेऊन येतो आणि सामान आणायला परत बाजारात जातो. किती दिवे बंद आहेत, दोष सतत आहे की अधूनमधून, पाऊस किंवा वाऱ्याशी त्याचा संबंध आहे का, एमसीबी पडतो की आरसीसीबी, सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो का, वास किंवा ऊब आहे का, वायरिंग भिंतीतली आहे की पट्टीवरची, घरात इन्व्हर्टर आहे का, एवढं सांगा. उघड्या बोर्डाचा फोटो पाठवता आला तर मेन बंद ठेवूनच काढा.